यादीत नसलेली आई

अन्याय झाला तो दीपाली रामचंद्र गोरिवले हिच्यावर. वय एकवीस. माहेर आणि सासर दोन्ही मंडणगड तालुक्यात. कधी झाला तेही सांगते. गौरी-गणपती आटोपून मुंबईकर परत गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यातला मंगळवार. सकाळी दहा पन्नासपासून दुपारी एक वाजून पाच मिनिटांपर्यंत. सव्वादोन तास. जागा, रत्नागिरीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात एनआयसीयूच्या दाराबाहेरचं लोखंडी बाकडं.

मी त्याच दाराच्या आत होते. तिची मुलगी त्या दिवशी माझ्याकडे होती.

एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. इथे बाळाला पाळणा नसतो, वॉर्मर असतो. वरून हीटर लावलेला उघडा पलंग. कमी दिवसांच्या बाळाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, ते काम हीटर करतो. श्वास घेता येत नाही, ते व्हेंटिलेटर करतो. दूध ओढता येत नाही, ते तोंडातून पोटात घातलेली नळी करते. उरलेलं सगळं आम्ही नर्सेस करतो. आणि आईने करायचं असतं ते कोणालाच करता येत नाही. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. आईच्या छातीवर उघडं ठेवलेल्या बाळाचा श्वास सुधारतो, ठोके स्थिर राहतात. आईचं दूध औषधासारखं काम करतं. आमच्या दारावर तसं रंगीत पोस्टरच आहे. आई हसते आहे, बाळ छातीशी आहे, खाली मोठ्या अक्षरात ‘आई आणि बाळाला वेगळं करू नका’. ज्या बाकड्यावर दीपाली बसली होती तिथून ते पोस्टर सरळ समोर दिसतं.

मुलगी शुक्रवारी सकाळी मंडणगडला झाली. सात आठवडे आधी. वजन बाराशे ग्रॅम. दीपालीला रक्तस्राव झाला म्हणून तिला तिथेच ठेवून घेतलं आणि बाळ अँब्युलन्सने आमच्याकडे पाठवलं. मंडणगडहून रत्नागिरी म्हणजे जिल्हा उभा कापत येणं. घाट, वळणं, हायवेचं कायम चाललेलं काम. चार-साडेचार तास. बाळ आलं तेव्हा पावलं थंडगार होती आणि ओठ निळे.

बाळाबरोबर आली वैशाली. दीपालीची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. बाळाचा बाप प्रशांत मुंबईला कुरिअरच्या गोडाऊनमध्ये. त्याची वर्षभराची रजा गणपतीत संपली होती. गणपतीला घरी आलाच पाहिजे, त्यासाठी अकरा महिने एक रजा टाकायची नाही, हे आमच्याकडे घरोघर चालतं. मुलगी सात आठवडे आधी येईल हे कोणाला माहीत. मालक म्हणाला, आत्ताच तर जाऊन आलास. त्याला मंगळवारची सुट्टी मिळाली.

शुक्रवारी अ‍ॅडमिशन मीच घेतली. फॉर्म माझ्या हातचा आहे.

“आईचं नाव?”

“सानिका प्रशांत रेवाळे,” वैशाली म्हणाली.

मंडणगडहून आलेल्या चिठ्ठीवर होतं, दीपाली रामचंद्र गोरिवले यांचं बाळ.

“मग ही दीपाली कोण?”

“तीच वो सिस्टर. म्हायेरचं नाव. लग्नात आमी सानिका ठेवलं. दादानं तांदळात लिवलं ना, आंगठीनं. बाळंतपणाला म्हायेरी गेलेली, तिकडं आधारकार्ड दाखवलंन तिच्या आईनं. त्यावर जुनंच हाय.”

“मग लिहू काय?”

“सानिकाच लिवा. पोर आमचं हाय.”

मी सानिका लिहिलं. चिठ्ठी फॉर्मच्या मागे पिन केली. वॉर्मरवर पट्टी लावली, बेबी ऑफ सानिका रेवाळे. दाराच्या यादीत तेच नाव गेलं. दोन नावं आहेत हे त्या दिवशी अख्ख्या हॉस्पिटलात फक्त मला आणि वैशालीला माहीत होतं. एक कंस करून दुसरं नाव लिहायला दहा सेकंद लागली असती. मी लिहिलं नाही. बाळाचे ओठ निळे होते, मला शिर शोधायची होती. कारण खरं आहे. तरी लिहायला हवं होतं.

पुढचे तीन दिवस वैशाली दाराबाहेर. एका बाळाला एक पास, तो तिच्याकडे. रात्री भाट्याला लांबच्या मावशीकडे जायची, सकाळी सातला हजर. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास आत सोडतात तेव्हा खांबासारखी उभी राहायची, हात मागे बांधून. पहिल्या दिवशी मुलीकडे बघून म्हणाली, “सिस्टर, आमच्या परसातलं तवसं हिच्यापरीस जड असतं वो.” आणि हसली, आणि मग रडायला लागली. मीही हसले होते. तवसं म्हणजे गणपतीच्या दिवसांतली ती मोठी काकडी. खरंच जड असते.

सोमवारी मुलीला जंतुसंसर्ग झाल्याचं रिपोर्टमध्ये आलं. आम्ही सेप्सिस म्हणतो. जंतू रक्तात जातात आणि मग कुठलाही अवयव सोडत नाहीत. मंगळवारी सकाळी आठला मी ड्यूटीवर आले तेव्हा तिच्या पोटाच्या नळीतून रक्त येत होतं. प्लेटलेट खाली गेल्या होत्या. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणारा घटक. तो बाहेरून द्यावा लागणार होता.

दहा वीसला मी वैशालीला ब्लड बँकेची चिठ्ठी दिली. ब्लड बँक शहराच्या दुसऱ्या टोकाला.

“फोनची बॅटरी मेली सिस्टर. हितं लावू काय?”

“लाव काउंटरवर. आणि रिक्षाने जा, चालत नको जाऊ.”

पास तिच्या गळ्यात, फोन माझ्या काउंटरवर. ती गेली.

दहा पन्नासला दीपाली आली.

तिला सोमवारी संध्याकाळी डिस्चार्ज मिळाला होता. चार दिवसांची ओली बाळंतीण. घरात सोयर, बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. तिच्या आईने सोयर बाजूला ठेवलं आणि मंगळवारी पहाटेच्या पहिल्या एसटीत लेकीला बसवलं. खाली गोधडीची घडी, पोटाला जुन्या लुगड्याचा धडपा बांधलेला. खेडला गाडी बदलली, चिपळूणला बदलली.

दारावर आमचे सिक्युरिटीचे नाना. पुढचं बोलणं मी ऐकलेलं नाही. नंतर नानांनी सांगितलं आणि दीपालीच्या आईनेही सांगितलं. दोघांचं तंतोतंत जुळलं.

“कोणाचं बाळ?”

“माजं.”

“तुमचं नाव?”

“सानिका प्रशांत रेवाळे.”

“पास?”

“नणंदेकडं हाय. फोन लावतंय, उचलत नाय ती.”

“मग आधार दाखवा.”

तिने दाखवलं. नानांनी यादी बघितली, कार्ड बघितलं, परत यादी बघितली.

“ओ ताई, यावर दीपाली आहे.”

“मीच ती. लग्नाच्या आदीचं नाव.”

“लग्नाचा काय कागद?”

“तो घरी हाय.”

“मग मी काय करू सांगा. एक माणूस दोन नावं सांगतो. उद्या खरी सानिका आली म्हणजे?”

तिची आई पुढे झाली. “अवो दादा, पोरीकडं बघा तरी. उभी ऱ्हावत नाय तिला. आत पोर नसतं तर हितं काय हवा खायला आली असती?”

“मावशी, माझ्यावर नका ओरडू. मागच्या महिन्यात एकाला बिगरपास सोडलं तर मला घरी बसवत होते. या, बसा इथे. पंखा आहे. नणंद आली की लगेच सोडतो.”

नानांनी त्यांना पाणी दिलं. आणि एकदा दार वाजवलंही, हे मी मुद्दाम लिहिते. आतून आमची मावशी, म्हणजे वॉर्डातली मदतनीस, फटीतून डोकावली.

“एक बाळंतीण आलीय, आई म्हणते स्वतःला. नाव जुळत नाही.”

“आत्ता नको रे नाना. आत इमर्जन्सी चाललीय. कोणाला सोडू नको.”

दार बंद झालं. ती इमर्जन्सी म्हणजे दीपालीचीच मुलगी.

अकरा दहाला काउंटरवर वैशालीचा फोन थरथरला. स्क्रीनवर ‘वैनी’. मी पाहिलं. माझ्या डोक्यात वैनी मंडणगडला होती, खाटेवर. मला वाटलं, बाळ कसं आहे विचारणार. काय सांगू? नळीतून रक्त येतंय सांगू? आणि दुसऱ्याचा फोन उचलायचा नाही असा नियमही आहे. नियम अशा वेळी फार उपयोगी पडतात. फोन थांबला. परत थरथरला. तिसऱ्या वेळी मी तो उचलून पालथा ठेवला.

अकरा चाळीसला डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला.

“शबाना, आई कुठे आहे हिची?”

“मंडणगडला सर.”

“बोलावता येईल?”

“पोचायलाच साडेचार तास लागतात.”

त्यांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, “मग राहू दे. लिहून ठेव.”

मी फाइलमध्ये लिहिलं, इंग्लिशमध्ये, आमच्या पद्धतीने, मदर नॉट अव्हेलेबल. आई उपलब्ध नाही. वेळ टाकली, सही केली. मी लिहीत होते तिथून दार दहा पावलांवर होतं. दाराच्या पलीकडे दोन पावलांवर आई उपलब्ध होती.

साडेबाराला ठोके उतरायला लागले. इतक्या लहान बाळाला सीपीआर देताना दोन अंगठे पुरतात. मी अंगठ्यांनी छाती दाबत होते, डॉक्टर श्वास देत होते, मावशी वेळ मोजत होती. बारा पंचावन्नला डॉक्टरांनी माझ्या मनगटाला हात लावला. थांब म्हणून.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण पुढे कोणी या गोष्टीला वेगळा रंग देईल. आई आत असती तरी मुलगी वाचली नसती. डॉक्टरांनी सगळं केलं. माझी तक्रार मरणाबद्दल नाही. दहा पन्नास ते बारा पंचावन्न ही दोन तास पाच मिनिटं मुलगी जिवंत होती, आणि तिची आई तेवढ्याचसाठी तीन एसटी गाड्यांनी आली होती. ती दोन तास पाच मिनिटं तिची होती. ती आम्ही घेतली.

एक पाचला वैशाली धापा टाकत जिना चढून आली. प्लेटलेटची पिशवी दोन्ही हातांत धरलेली. मी तिला सांगायला दार उघडलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

“वैनी? तू हितं? कदी आलंस?”

बाकड्यावरची मुलगी उठली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. पदराचा पुढचा भाग छातीवर ओला होऊन चिकटलेला. दूध आलं होतं. सव्वादोन तास ते वाहत होतं. फाइलमध्ये माझ्याच हातचं वाक्य तीन दिवस रोज होतं, आईचं दूध उपलब्ध नाही.

“किती वेळ झाला येऊन?” मी नानांना विचारलं.

“अकराच्या आधीपासून.” नाना यादीकडे बघत म्हणाले. “सिस्टर, यादीत नव्हत्या त्या.”

मी दीपालीला आत घेतलं. पास मागितला नाही. चपला काढ म्हटलं नाही, गाऊन घाल म्हटलं नाही. खुर्ची ओढली, बसवलं, नळ्या काढल्या, मुलीला दुपट्यात घेऊन तिच्या हातात दिलं. बाहेर असताना तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं मलाच होतं.

तिने मुलीच्या गालाला गाल लावला.

“गरम हाय,” ती म्हणाली. माझ्याकडे बघून, एकदम आशेने. “सिस्टर, ही गरम हाय की वो.”

ती ऊब हीटरची होती. वॉर्मर अजून चालूच होता.

मी सांगितलं. हे वाक्य मी कसं सांगितलं ते इथे लिहिणार नाही. तिने ऐकलं आणि मुलीला आणखी जवळ घेतलं. अंग निवत गेलं तेही तिलाच कळलं, आधी तिलाच कळलं. आत यायला मिळाल्यावर आई म्हणून तिच्या वाट्याला एवढं आलं.

चार वाजता प्रशांत पोचला. तो रेल्वेत असताना वैशाली त्याला फोन लावत होती आणि बोगदा आला की फोन कटत होता. त्याला बातमी तीन तुकड्यांत कळली.

संध्याकाळी मी फाइल उघडली. इन्चार्ज सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला शिर शोधायला यांनी शिकवलं. वाईट बाई नाहीत.

“काय करतेस?”

“लेट एंट्री.” लेट एंट्री म्हणजे आधी लिहायची राहिलेली गोष्ट नंतर वेळ टाकून, सही करून लिहिणं. नियमात बसतं. “आई दहा पन्नासपासून दाराबाहेर होती, असं लिहिते.”

“शबाना, तुझ्याच सहीच्या खाली तू तुझ्याच विरुद्ध लिहिणार?”

“हो मॅडम.”

“तू पत्रकं वाटतेस युनियनची, ते वेगळं. हे मेडिकल रेकॉर्ड आहे. यात घोषणा नको.”

“घोषणा नाही मॅडम. वेळ लिहितेय.”

त्या वळल्या. “लिही,” म्हणाल्या. “पण मी पाहिलं नाही.”

आठ दिवसांनी त्या एंट्रीबद्दल मला मेमो आला. ऑफिसातल्या साहेबांनी बोलावून समजावलं. “हे बघ, यात कोणाचाच हलगर्जीपणा नाही. कागद जुळत नव्हते.”

“सर, मंडणगडची चिठ्ठी आपल्याच फाइलमध्ये होती. दोन्ही नावं आपल्याकडे होती. फक्त दारापर्यंत गेली नाहीत.”

“मग उद्या कोणी बाळ पळवलं तर तू जबाबदारी घेशील?”

“एक सिस्टर बरोबर देऊन आत सोडा. चार दिवसांची बाळंतीण व्हेंटिलेटरवरचं बाळ घेऊन जिना उतरेल असं वाटतं तुम्हाला?”

“तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.”

चौकशी झाली. नानांना पार्किंगला पाठवलं. पासवर आता फोटो लागतो. म्हणजे बाहेरगावाहून येणाऱ्या आईला आता आणखी एक कागद कमी पडणार. सुधारणा म्हणून एवढंच झालं.

नानांना दोष देऊन मोकळे होऊ नका. मलाही दिलात तरी चालेल, मी तो घेतलेला आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. खरा दोष एका शब्दात आहे. आमच्याकडे जन्मलेल्या बाळाच्या आईच्या मनगटाला पट्टा असतो, ती दर दोन तासांनी आत येते. बाहेरून आलेल्या बाळाला आम्ही आउटबॉर्न म्हणतो, आणि त्याची आई आमच्या कागदावर पेशंट नसते. जी पेशंट नाही ती व्हिजिटर. मंडणगड, गुहागर, राजापूर, जिथून बाळं सगळ्यात आजारी होऊन येतात, तिथल्या आया आमच्या दारावर पाहुण्या असतात. आणि पाहुण्याला ओळख द्यावी लागते. ज्या मुलीचं नाव लग्नात तांदळात पुसून नवं लिहिलं, तिच्याकडे आपण पुरावा मागतो, तू तीच कशावरून.

आणि हे संपलेलंही नाही. मुलीच्या जन्माची नोंद मंडणगडला आहे, आई दीपाली गोरिवले. मृत्यूची नोंद रत्नागिरीत आहे, आई सानिका रेवाळे. दोन नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत. दीड महिन्याने दीपालीच्या माहेरी आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, आली, हातात यादी घेऊन. “दीपालीच्या मुलीचा डोस राहिलाय, कुठे आहे बाळ?” वैशालीने मला फोन करून सांगितलं. “सिस्टर, त्यांच्या यादीत ती हाय वो अजून.” मी तेव्हापासून चार अर्ज केले. चारही वेळा उत्तर एकच. आईने दोन्ही नावांचा पुरावा घेऊन स्वतः यावं.

ती येणार नाही. मीही तिला ये म्हणणार नाही.

आता तुमचं काम. हे वाचून हळहळू नका, हळहळ मला पुरेशी मिळाली. तुमच्या घरात, वाडीत, बिल्डिंगमध्ये कोणी बाळंत होणार असेल तर आज तिचं आधारकार्ड बघा, आणि दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर तिची दोन्ही नावं लिहून घ्या. मग तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात जा. नवजात बाळांच्या विभागाच्या दारापाशी उभे राहा आणि लेखी विचारा, बाहेरून आलेल्या बाळाची आई तुमच्या यादीत व्हिजिटर आहे का? असेल तर ते खोडून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. दहा माणसं जा, दहा अर्ज द्या, पोचपावती घ्या. त्यांनी सुरक्षेचं कारण दिलं तर सांगा, एक सिस्टर बरोबर द्या. आईला आधी आत सोडा, नाव मग विचारा.